बिटकॉइनचं नाणं हातात घेण्याआधी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तेरखेड्यात कुणाला कुणाशी बोलायला सवड नसते. महामार्गाच्या कडेला फटाक्यांची दुकानं लागलेली असतात, बीड-लातूर-सोलापूरच्या गाड्या थांबत असतात, घासाघीस रात्रीपर्यंत चालते. अशाच गडबडीत एका दुकानावर बसणारा पोरगा माझ्याकडे आला. मी नाणी जमवतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं खिशातून प्लास्टिकची गोल डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "सर, ह्याच्यात किती पैसं हायत, बघा की."

आत सोनेरी नाणं होतं. मध्ये दोन उभ्या रेघा मारलेला इंग्रजी 'बी', भोवती संगणकाच्या पट्टीवर असतात तशा बारीक रेघा. मी टेबलाच्या खणातलं चुंबक काढून जवळ नेलं, तर नाणं टक्कन चिकटलं. सोनं चुंबकाला चिकटत नाही, तांबं आणि पितळही चिकटत नाही. आत लोखंड, वर सोनेरी मुलामा. पोरानं ऑनलाइन ४९९ रुपये मोजले होते आणि विकणाऱ्यानं फोनवर त्याला सांगितलं होतं की, यात अर्धा बिटकॉइन 'भरलेला' आहे. मी त्याला खरं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे.

आधी मुळातली गोष्ट. बिटकॉइन कुठल्याही वस्तूत नसतो. जगभरातल्या हजारो संगणकांवर एकच खतावणी ठेवलेली असते. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत, याची नोंद तिच्यात असते. ती सगळ्यांना उघडी असते, मोबाइलवरही बघता येते. पण त्या पत्त्यावरचे पैसे हलवायचे, तर एक गुप्त किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे एक अवाढव्य आकडा. तो अक्षरांत, चौकोनी क्यूआर कोडमध्ये किंवा बारा शब्दांत लिहिता येतो. ज्याला तो आकडा कळला, तो मालक. पावती, आधार कार्ड, सही यातलं काहीही तिथे विचारलं जात नाही. पत्ता म्हणजे घराबाहेरची पाटी समजा, ती खुशाल दाखवा. किल्ली मात्र कुणालाही दाखवायची नाही.

एवढं ध्यानात आलं की 'भरलेलं नाणं' ही काय चीज आहे, ते आपोआप कळतं. अशी नाणी खरोखर निघाली होती. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या माइक काल्डवेल यांनी २०११ पासून 'कॅसॅशियस' नावाची नाणी पाडली. पितळेचं एका बिटकॉइनचं नाणं होतं, पुढे चांदीचीही निघाली. नाण्याच्या पाठीवर चमकता होलोग्रामचा कागद चिकटवलेला असे आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत गुप्त किल्ली. पत्त्याची पहिली आठ अक्षरं बाहेरून दिसत, म्हणजे नाणं न उघडता खतावणीत त्याची नोंद तपासता येई. होलोग्राम सोलला की मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी मागे उरे, म्हणून उघडलेलं नाणं चटकन ओळखू येई. पहिल्या खेपेतल्या नाण्यांवर नावाचं स्पेलिंग चुकलं, एक 'एस' गळला. नाणी जमवणाऱ्यांना असली चूक म्हणजे पर्वणी! त्या चुकीच्या नाण्यांना संग्राहक आजही वेगळा भाव देतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या आर्थिक गुन्हे पाहणाऱ्या खात्यानं काल्डवेल यांना कळवलं की, तुमचा हा व्यवहार पैसे पाठवण्याच्या धंद्यात मोडतो, त्यासाठी परवाना लागेल. त्यांनी भरलेली नाणी विकणं थांबवलं. पुढे इतरांनी तसे प्रयोग केले. 'लीलाना'नं लाइटकॉइन या दुसऱ्या क्रिप्टो चलनाची नाणी काढली, फिनलंडमध्ये 'डेनारियम' निघालं.

काल्डवेल यांच्या सचोटीबद्दल शंका घ्यावी असं काही घडलं नाही. तरीही संग्राहक म्हणून माझं मत ठाम आहे: भरलेल्या नाण्याची किल्ली दुसऱ्या माणसानं तयार केलेली असते. त्यानं ती पाहिली नाही, लिहून ठेवली नाही, त्याच्या संगणकात राहिली नाही, यावर तुम्हाला फक्त विश्वास ठेवावा लागतो. कुलूप विकणाऱ्यानं दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवली नसेल, असं धरून घरातला ऐवज त्या कुलपाच्या भरवशावर सोडण्यासारखं ते आहे. म्हणून नाणं जमवा ते नाणं म्हणून, त्याचा धातू, घडण, इतिहास यांसाठी. बचत ठेवायची असेल, तर तिची किल्ली तुमच्याच हातून जन्मलेली हवी.

जमवायचंच असेल, तर जुनी नाणी जमवणारा जी शिस्त पाळतो, तीच इथे पाळायची. आपल्याच जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. बाहेरचा माणूस तेर आणि तेरखेडा यांत हमखास घोळ घालतो, पण ही गावं दोन. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे सातवाहनांच्या काळातली नाणी एकदा निवांत बघून या. त्यांतलं एखादं नाणं बाजारात सुटं मिळालं, तर त्याची किंमत किरकोळ. पण ते कुठे सापडलं, कुणी जपलं, हे माहीत असतं तेव्हा तोच तुकडा इतिहास होतो. (जाता जाता सांगतो, नांगरताना शेतात नाण्यांचा हंडा लागला, तर तो लपवू नका. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.)

तशीच नोंदवही क्रिप्टोच्या नाण्यांसाठीही करा. कुणी पाडलं, कोणत्या साली, धातू कोणता, कुणाकडून किती रुपयांना घेतलं, बिल कुठे आहे, हे सगळं तारखेसह लिहा. वजन सराफाच्या काट्यावर करून घ्या, व्यास व्हर्नियरनं मोजा आणि पाडणाऱ्यानं जाहीर केलेल्या आकड्यांशी ताडून बघा. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो ठेवा. कुणी 'भरलेलं' नाणं विकायला आणलं, तर पत्ता घेऊन खतावणीत बघा. तिथून पैसे बाहेर गेलेले दिसले, तर किल्ली वापरली गेली आहे आणि नाणं रिकामं आहे. पैसे दिसले, तरी ते उद्याही तिथे असतील याची हमी नाही. होलोग्रामवर आंधळा भरवसा नको. विद्रावक सुईनं आत सोडून होलोग्राम अलगद उचलायचा आणि पुन्हा बसवायचा, असे प्रयोग पूर्वीच झाले आहेत. ज्यांच्या हातांतून नाणं फिरत आलं, त्या सगळ्यांची साखळी कागदावर नसेल, तर नाण्याला त्याच्या धातूपुरताच भाव द्या.

गावोगावी फिरणारा आणखी एक प्रकार. 'ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट द्या, लाखो मिळवा' हे मेसेज तुम्ही पाहिले असतील. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, मग कमिशन, अशी ती साखळी असते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं. बिटकॉइनच्या नाण्याबाबत आता तोच डाव नव्या कपड्यांत येतो आहे: 'तुमच्या नाण्यातले पैसे मोकळे करून देतो, आधी फी पाठवा.' फी मागितली की फोन ठेवून द्या आणि १९३० वर तक्रार नोंदवा.

आता कागद. पेपर वॉलेट म्हणजे तीच गुप्त किल्ली कागदावर उतरवून ठेवणं. पूर्वी यासाठी वेबसाइटवर जाऊन बटण दाबायचं आणि दोन क्यूआर कोडचं सुबक पान छापून घ्यायचं, अशी पद्धत होती. ती आता विसरा. २०१९ मध्ये अशाच एका प्रसिद्ध वेबसाइटबद्दल उघडकीला आलं की, ती वेगवेगळ्या लोकांना त्याच त्याच किल्ल्या देत होती. शिवाय छापायचं म्हटलं की आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. पेन ड्राइव्ह तिथल्या संगणकाला लावतो, फाइल तिथेच राहते, यंत्राच्या पोटातही राहते. दुकानदार भला माणूस असेल, पण त्या संगणकावर दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागतात.

मी सांगतो ती पद्धत हातानं लिहायची आहे. लागतं ते असं: एक रुपयाचं नाणं, शंभर पानी वही, बॉलपेन, दोन पेन ड्राइव्ह आणि एक जुना लॅपटॉप. दुपारची निवांत वेळ काढा, दार लावून घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

नाणं उडवा. छापा पडला की १, काटा पडला की ०. वहीत अकरा-अकराच्या ओळी करा. अशा अकरा ओळी भरल्यावर १२१ होतात, मग आणखी सात वेळा, एकूण १२८. कंटाळा येतो, हात दुखतो, पण मध्ये मनानं एकही आकडा घालू नका. माणूस मनानं लिहायला बसला की छापा-काटा आलटून पालटून लिहितो, सलग पाच छापे लिहायला कचरतो. नाणं कचरत नाही. स्वतःच्या डोक्यातून काढलेली वाक्यं, अभंगाची ओळ, देवाचं नाव आणि जन्मतारीख यांच्या किल्ल्या करणाऱ्यांचे पत्ते चोरांनी केव्हाच धुऊन नेले आहेत. चोरांचे संगणक असली वाक्यं रात्रंदिवस ताडून बघत असतात.

या ओळींचे शब्द कसे होतात, ते एकदा हातानं करून बघा, मनातली भीती जाते. जगभर मान्य झालेली २०४८ इंग्रजी शब्दांची एक यादी आहे, वर्णानुक्रमे लावलेली. ओळीतल्या पहिल्या घराची किंमत १०२४, दुसऱ्याची ५१२, मग २५६, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटच्याची १. समजा ओळ आली काटा, छापा, काटा, काटा, छापा, काटा, काटा, काटा, छापा, छापा, काटा. छाप्यांच्या घरांची बेरीज करा: ५१२, ६४, ४ आणि २, म्हणजे ५८२. मोजणी शून्यापासून असल्यामुळे यादीतला ५८३ वा शब्द तुमचा. अकरा ओळींचे असे अकरा शब्द होतात. बारावा मात्र उरलेल्या सात आकड्यांत पडताळणीचे चार आकडे मिळवून होतो आणि तो हिशेब हातानं होत नाही.

त्यासाठी लॅपटॉप. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्या, जे संगणकात न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालतं. दुसऱ्यावर इयान कोलमन यांनी बनवलेलं, कुणालाही तपासायला खुलं असलेलं 'बीआयपी ३९' चं, म्हणजे याच शब्दयादीच्या पद्धतीचं पान आधी उतरवून ठेवा. मग लॅपटॉप पहिल्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा, वाय-फायला हात लावू नका आणि दुसऱ्यावरचं पान उघडा. तिथे तुमचे १२८ आकडे घाला. बारा शब्द समोर येतील. त्यांतले अकरा तुम्ही हातानं काढलेल्या शब्दांशी जुळले पाहिजेत, ते जुळताना बघण्यात फार समाधान आहे. शब्द क्रमानं कागदावर उतरवा. 'बीआयपी ८४' हा पत्त्याचा प्रकार निवडून पहिला पत्ताही लिहून घ्या. त्याची सुरुवात 'बीसी१' अशी असते. लॅपटॉप बंद केला की लिनक्सच्या आठवणीतून सगळं पुसलं जातं. वहीतली ती पानं जाळून टाका, चुलीत किंवा बंबात.

शब्दांचा फोटो काढू नका. मोबाइलचे फोटो आपोआप गुगलवर जाऊ शकतात. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवू नका. मुलाच्या संगणकात टाइप करून ठेवू नका.

मोठी रक्कम टाकायच्या आधी रंगीत तालीम करायची. परवडेल इतकी छोटी रक्कम त्या पत्त्यावर पाठवा. मग फक्त कागद घेऊन, जणू सगळं विसरलात अशा थाटात, शब्द फोनमधल्या वॉलेट अॅपमध्ये घालून ती परत काढून बघा. निघाली, तर कागद बरोबर लिहिला आहे. पण हे शब्द आता इंटरनेटवरच्या फोनमध्ये गेले, म्हणून खऱ्या बचतीसाठी पुन्हा नाणं उडवून नवे शब्द काढायचे. हो, पुन्हा १२८ वेळा. पत्ता चिकटवताना पहिली आणि शेवटची सहा-सहा अक्षरं डोळ्यांनी ताडा, कारण कॉपी केलेला पत्ता परस्पर बदलणारे विषाणू आहेत.

कुणाजवळ जुनं, एकाच किल्लीचं छापील पेपर वॉलेट पडलेलं असेल, तर त्यातून थोडे पैसे काढायचा प्रयत्न करू नका. शंभराची नोट देऊन वीस रुपयांची भाजी घेतली की ऐंशी सुटे परत येतात. बिटकॉइनमध्येही सुटे परत येतात, पण ते बहुधा नव्या पत्त्यावर जातात, जुन्या कागदावर नाही. हे न कळल्यामुळे लोकांनी वॉलेट पुसून टाकलं आणि सुटे कायमचे गमावले. अशा कागदातलं सगळं एकदाच झाडून नव्या वॉलेटमध्ये घ्यायचं आणि कागद रद्द समजायचा.

आता कागद जपायचा कसा, हे तेरखेड्याला मी काय सांगावं! कागदाच्या नळीत दारू भरून हाताला पोट भरायला शिकवलेलं हे गाव. ठिणगी किती लांब उडते आणि ओल आली की दारू कशी बसते, हे इथल्या बायकांना पुस्तक न वाचता ठाऊक आहे. कागदाचे वैरी तेच दोन, आग आणि ओल. वर वाळवी आणि कसर.

मी पहिल्यांदा शब्द लिहिले ते जेल पेननं. पत्र्याच्या पेटीत ठेवले. त्या पावसाळ्यात पेटीच्या बुडाला ओल धरली आणि शाई पसरून सातव्या शब्दाची पहिली दोन अक्षरं निळ्या डागात गेली. शेवटची अक्षरं वाचता येत होती. यादी घेऊन बसलो, तशा शेवटाचे शब्द वेगळे काढले, एकेक घालून बघितले आणि रात्री अकराच्या सुमारास बरोबर शब्द लागला. त्या दिवसापासून बॉलपेन किंवा पेन्सिल, बस्स. पेन्सिलीचं शिसं पाण्यानं पसरत नाही आणि उन्हानं उडतही नाही. छपाईच्या यंत्रातून निघणारा गुळगुळीत कागद, एसटीच्या तिकिटासारखा, तर मुळीच नको. ते तिकीट चार महिन्यांनी खिशातून काढून बघा, कोरं झालेलं असतं.

त्याहून पक्कं हवं, तर स्टील. या यादीची खुबी अशी की, पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. म्हणजे बारा शब्दांना फार तर ४८ अक्षरं. लग्नात भांड्यांवर नावं घालतात, तशी ती स्टीलच्या पट्टीवर घालता येतात. फक्त भांडीवाल्याकडून घालून घेऊ नका, त्याला शब्द दिसतील. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचे ठसे मिळतात, हातोडीनं घरीच ठोका. घर पेटलं, तरी पट्टी वाचता येते.

प्रती दोन, दोन वेगळ्या घरांत. सहा शब्द इथे आणि सहा तिथे, असली वाटणी हुशारीची वाटते, पण एक भाग गेला की सगळं गेलं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, बिटकॉइन जिथे विकत घेतले त्या एक्स्चेंजवरच राहू द्यावेत. १८ जुलै २०२४ रोजी 'वझीरएक्स' या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली आणि सामान्य ग्राहकांचे पैसे अडकून पडले. आणि किल्ली दुसऱ्याच्या नजरेस पडण्याचा धोका बघायचा असेल, तर पुण्याचं प्रकरण आठवा. 'गेनबिटकॉइन' या क्रिप्टो गुंतवणूक योजनेतल्या घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी ज्या दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती, त्यांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जप्त वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी परस्पर वळवल्याचा आरोप होता. एक्स्चेंज निवडताना ते बिटकॉइन बाहेर काढू देतं का, किती शुल्क घेतं, हे पैसे टाकण्याआधी बघा. सगळीच काढू देत नाहीत. आणि पीककर्जाचा किंवा लेकीच्या लग्नाचा पैसा यात घालू नका, भाव एका महिन्यात निम्मा होताना मी पाहिला आहे.

कराचं थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. एक्स्चेंजवरून स्वतःच्या कागदावर नेणं म्हणजे विक्री नव्हे, पण ते कधी, किती आणि किती रुपयांना घेतलेलं होतं, याची नोंद ठेवा. पुढे विकताना तीच कामाला येते.

राहिलं घरच्यांचं. बायकोला माहीत नाही, मुलांना माहीत नाही आणि माणूस गेला, तर ते पैसे खतावणीत दिसत राहतील, हलणार मात्र कधीच नाहीत. एका साध्या मराठी पत्रात लिहून ठेवा की असं काही आहे, कागद कोणत्या डब्यात आहे, दुसरी प्रत कुणाकडे आहे आणि कुणालाही फोनवर शब्द सांगू नका. पत्रात शब्द लिहू नका. पत्र जमिनीच्या कागदांसोबत ठेवा, कारण ती पिशवी घरात कुणीतरी उघडतंच.

तो पोरगा दिवाळी झाल्यावर पुन्हा आला. दुकानं उठली होती, हातात वेळ होता. लोखंडी नाणं त्यानं फेकलं नव्हतं, माझ्या नोंदवहीत त्याची नोंद करायला सांगितली: 'लोखंड, मुलामा, ४९९ रुपये, रिकामं.' मग ओसरीवर बसून त्यानं रुपया उडवायला सुरुवात केली. चौथ्या ओळीत सलग सहा छापे पडले, तेव्हा त्यानं मान वर करून विचारलं, "सर, हे असंच ठिवायचं का?" मी म्हटलं, असंच ठेव.